आईने पारखलेले हात

आणे गावच्या पठारावरच्या कोणत्याही लग्नात माझ्या आईला मांडवाच्या तोंडापासून पंगतीपर्यंत पोहोचायला अर्धा तास लागे. चार पावले टाकली की कुणीतरी वाकून तिच्या पायांना हात लावी. कधी तो मिसरूड फुटलेला ट्रॅक्टरवाला असे, कधी कडेवर मूल घेतलेली माहेरवाशीण. "आक्का, वळखलं का?" आई चेहऱ्याकडे पाहतच नसे. ती हनुवटी धरून मान किंचित वळवी, कानामागची कवटीची उतरण बोटांनी चाचपी आणि सांगे, "तू पाटाच्या वस्तीवरचा. पायाळू. आधी डावा पाय दावलास, मग जरा इचार करीत बसलास." भोवतीचे हसत, ट्रॅक्टरवाला लाजे, आणि मी आईच्या मागे तिची पिशवी धरून उभी राही. त्या सर्वांच्या डोक्यांवर आधी तिची बोटे होती, मग जगाचा वारा. माझ्या डोक्यावर तिची बोटे होती ती फक्त उवा काढायला.

अशाच एका लग्नात मी तिला विचारले. तोवर मी मराठीची एम. ए. झाले होते, घोडेगावला सासरी राहून शाळेत मुलांना कविता शिकवीत होते. असे काही विचारायचे वय माझे राहिले नव्हते.

"आणि मी गं? मी कशी आले?"

आईने क्षणभर माझ्याकडे पाहिले. "मला काय ठाव? तुझ्या टायमाला मी माझ्याच कामात व्हते."

भोवतीच्या बाया हसल्या. मीही हसले. पण त्या दिवशीची जिलेबी मला तुरट लागली.

आईचे नाव भागूबाई. पठारावरच्या दहाबारा वस्त्यांची ती सुईण होती, आणि सगळ्या वस्त्या तिला आक्का म्हणत. तिच्या वडिलांच्या मेंढ्या होत्या. पावसाळा संपला की ते कळप घेऊन घाटाखाली उतरत आणि धाकटी भागू त्यांच्याबरोबर चाले. अडलेल्या मेंढीच्या पोटातले कोकरू तिने पहिल्यांदा फिरवले तेव्हा ती दहा वर्षांची होती. मोठ्यांचे हात आत जात नव्हते, तिचा गेला. "मेंढी बोलत न्हाई," ती म्हणे, "म्हणून माझा हात ऐकाया शिकला." बायांना बोलता येते, तरी तिने त्यांच्या बोलण्यावर फारसा विश्वास कधी ठेवला नाही. दिवस गेलेली बाई दारात येऊन कहाणी सांगू लागली की आई तिला थांबवी, हात धुई, दोन्ही तळवे चुलीच्या धगीवर धरी आणि मग पोटावर ठेवी. "पोट दाबायचं नसतं बाई, इचारायचं असतं." त्या वेळी तिची मान एका बाजूला कललेली असे, भिंतीपलीकडचे बोलणे ऐकणाऱ्या माणसासारखी. घरात मी काही सांगू लागले तर तिची मान अशी कलत नसे.

तिच्या काही सवयी साऱ्या पठाराला ठाऊक होत्या. बोलावणे आले की ती उजव्या हातातल्या बांगड्या उतरवून कोनाड्यात ठेवी. नखे रोज कापी, बोटांच्या टोकांना खोबरेल चोळी. सरकारी आरोग्य केंद्रात दायांचे प्रशिक्षण झाले तेव्हा तिला पत्र्याची एक पेटी मिळाली होती: साबण, दोरा, पाकिटातले ब्लेड, अंथरायचा प्लास्टिकचा कागद. ती पेटी देवांच्या फळीवर असे, आणि देवांवर धूळ बसली तरी पेटीवर बसत नसे. परत येई तेव्हा ती माझी आई नसे. तिच्या पदराला परक्या घराचा वास असे. ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, उकळलेले पाणी, शेगडीतला निखारा, आणि या सगळ्याखाली एक कोवळा, ओलसर, दुधासारखा वास, ज्याला मला आजही शब्द सापडलेला नाही. ती दमून भिंतीला टेकून झोपे. मी तिच्या पदरात नाक खुपसून ती कोणत्या वस्तीवरून आली ते ओळखायचा खेळ खेळे. तो खेळ होता असे मी आज म्हणते. खरे तर मी तिच्या अंगावर दुसऱ्या कुणाच्या खुणा शोधीत असे.

आठ-नऊ वर्षांची असताना मी एकदा पोट दुखत असल्याचे सोंग केले. घोंगडीवर आडवी होऊन कण्हू लागले. मला तेच हवे होते: ते हात धुणे, ते तळवे शेकणे, ती कललेली मान. आई गोठ्यातून आली, हात न धुताच माझ्या पोटावर पालथा पंजा ठेवला आणि लगेच उचलला.

"हितं काय बी न्हाई. ऊठ, शेण टाकून ये."

शाळेच्या स्नेहसंमेलनात मी कविता म्हणत होते तेव्हाची गोष्ट तर मी पुढे कितीतरी वर्षे उगाळली. आई पहिल्या रांगेत सतरंजीवर बसली होती, नव्या लुगड्यात. मी दुसऱ्या कडव्यावर होते आणि सायकलवरून एक माणूस आला. तो काही बोललाही नाही, नुसता कडेला उभा राहिला. आई उठली. उरलेली तीन कडवी मी सतरंजीवरच्या रिकाम्या जागेला म्हणून दाखवली. त्या दिवशी जन्मलेली मुलगी आमच्या वस्तीजवळच वाढली, आणि दरवर्षी ती मला आदल्या वर्षीपेक्षा अधिक नकटी दिसे.

पण आईच्या कामात मिरवणे नव्हते, हे मला तेव्हाही दिसत होते, आणि त्यामुळे तिच्यावर धड रागावताही येत नव्हते. एकदा मोठ्या बागायतदाराच्या सुनेला कळा सुरू झाल्या. आईने पोट पाहिले, बाहेर आली आणि म्हणाली, "जीप काढा. नारायणगावला न्यायची." सासरा ओट्यावर तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "आक्का, तुज्यावानी सुईण घरात असताना दवाखाना? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, आक्काला जमलं न्हाई. म्हनू दे. माझा हात हितवरच हाये, फुडं डाक्टरचा."

"पोरीला काय झालंय काय पर?"

"अजून न्हाई झालं. म्हनूनच आत्ता काढा."

घाटाच्या वळणांवर त्या सुनेचे डोके मांडीवर घेऊन आई जीपच्या मागच्या बाजूला बसली. सून आणि मूल दोघे सुखरूप परतले. पुढे दोन हजार साल उलटले, पठारावरच्या बाया दवाखान्यातच बाळंत होऊ लागल्या, आईची पेटी रिकामी पडली. तरी बाया तिला सोबत नेत. ती दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून राही, तिला काही करायचे नसे. ती आहे एवढेच त्यांना हवे असे. शनिवारी शाळा सुटल्यावर मी माहेरी जावे तर दाराला कडी असे.

त्याआधी, नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मला दिवस गेले. नवऱ्याचे म्हणणे, मंचरला चांगले डॉक्टर आहेत. मी ऐकले नाही. पहिले बाळंतपण माहेरी होते, हा रिवाज मी त्याच्यापुढे केला. मनातले निराळेच होते. ज्या हातांनी सारे पठार झेलले, ते हात आता नाही म्हणूच शकणार नव्हते. ते धुतले जातील, शेकले जातील, माझ्या पोटावर येतील, आणि आई मान कलवून ऐकेल. मला बाळापेक्षाही ती घटका हवी होती. हे लिहिताना लाज वाटते, पण ते तसेच होते.

सातव्या महिन्यात मी आण्याला गेले. आई सूप घेऊन मटकी निवडत होती. मी सांगितले ते तिने ऐकून घेतले, दोन खडे काढून टाकले.

"माझ्या हातानं न्हाई, मंदे."

"म्हणजे?"

"सुईण आपल्या लेकीभैनीचं करीत न्हाई. माझी आत्या सुईण, तिनं बी केलं न्हाई, तिच्या आईनं बी न्हाई. आमच्यात तसंच हाये."

"ही कसली रीत? साऱ्या जगाचं करतेस आणि माझं नाही?"

ती सूप खाली ठेवून बसली. मग तिने मला सखूमावशीचे सांगितले, तिच्या धाकट्या बहिणीचे. मावशीला मूलबाळ नव्हते एवढेच मला माहीत होते. आई तेव्हा तरुण होती, रीत मोडून ती बहिणीच्या बाळंतपणाला बसली. मूल आडवे होते. आईच्या हाताला ते सकाळीच कळले होते. "हाताला कळलं, पर मी ऐकलं न्हाई. माझ्या सखूला असं कसं व्हईल, असं म्हनत बसले. दुसरी कुणाची असती तर दिस वर यायच्या आत गाडीत घातली असती." मूल गेले. सखूमावशी वाचली, पण तिला पुन्हा दिवस गेले नाहीत. "आई डोळं झाकती. सुईणीला डोळं झाकून चालत न्हाई. दोघी एका हातात ऱ्हात न्हाईत."

मला तिचे कारण समजले. समजल्याने मत्सर कमी होतो असे मात्र नाही. मला वाटले, म्हणजे मी इतकी जवळची आहे की मला काहीच मिळू नये.

"मग मी मंचरला जाते," मी म्हणाले.

"जा की. पर हितं व्हायचं असलं तर सुईण मी बघनार."

आणि तिने माझ्यासाठी सुईण शोधली. जसे लोक लेकीसाठी स्थळ शोधतात तशी. आधी नारायणगावला डॉक्टरीणबाईंकडून सगळे तपासून घेतले, जीपवाल्याला बाळंतपण होईपर्यंत गाव सोडू नको म्हणून बजावले. मग आम्ही निघालो.

पहिली सुईण नावाजलेली होती. तिच्या घरी चहा झाला, बिस्किटे झाली. आईने सहज विचारल्यासारखे विचारले, "आजपतुर किती जणींना दवाखान्यात धाडलं?"

"एक बी न्हाई," ती अभिमानाने म्हणाली. "माझ्या हातची एक बाई दवाखान्याची पायरी चढली न्हाई."

आईने कप उपडा घातला. बाहेर आल्यावर म्हणाली, "ही न्हाई."

"का? चांगली तर वाटली."

"पन्नास बाया तपासल्या आन् एकीच्या बी पोटाला ही भ्याली न्हाई. हिला तरी भ्या वाटाया पाह्यजे का न्हाई?"

दुसरीच्या फळीवर इंजेक्शनच्या बाटल्या होत्या. कुठल्याशा कंपाउंडरकडून ती कळा वाढवायचे औषध आणून ठेवी. तिथे आईने चहाही घेतला नाही. "लेकराला घाई न्हाई, हिलाच हाये."

तिसरीच्या वाटेला लागलो तेव्हा आईची चाल मंदावली. ही तिसरी, ठकूबाई, पठाराच्या पलीकडच्या अंगाला राहत होती, आणि या दोघी बोलत नाहीत हे सगळे पठार जाणून होते. वस्त्या वाटून घेण्यावरून बिनसले असावे, असा लोकांचा समज होता. बांधावरून चालताना मी कारण विचारले.

"तिच्या लेकीचं बाळंतपन मी केलं. तवापासनं बोलत न्हाई माझ्याशी."

"काही बिघडलं होतं?"

"न्हाई गं. समदं नीट झालं. म्हनूनच."

मला त्याचा अर्थ लागला नाही.

ठकूबाई अंगणात शेळीला पाला घालत होती. उंच, काटकुळी बाई, आवाज पुरुषी. तिने आईकडे पाहिले, मग माझ्या पोटाकडे, आणि सगळे ओळखून म्हणाली, "या पावणं. वाट चुकलासा जनू."

"किती जणींना दवाखान्यात धाडलं?" आईने उभ्यानेच विचारले.

ठकूबाईने शेळीच्या पाठीवर हात ठेवून बोटांवर मोजले. बराच वेळ घेतला. "सात," ती म्हणाली. मग शेळीपुढे पाला सारीत म्हणाली, "आठवी बी धाडाया पाह्यजे व्हती."

आई तिच्या अंगणात खाली बसली. "ही," ती मला म्हणाली. मग तिला, "ठके, माझ्या लेकीचं तू कर."

ठकूबाईने मला घरात घेतले, हात धुतले, तळवे एकमेकांवर घासून ऊब आणली. "लावू का हात?" असे तिने मला विचारले, आजवर हे कुणी विचारले नव्हते. तिची बोटे खरखरीत होती, टोकांना गार. तिने कान पोटाला लावला तेव्हा तिच्या केसांतून शिकेकाईचा वास आला. तिची मानही कलली. माझ्या डोळ्यांत पाणी आले ते कृतज्ञतेचे नव्हते. इतका नेमका, इतका लक्ष देणारा स्पर्श मला मिळत होता, आणि तो परका होता. दाराबाहेर माझी आई शेळीला पाला घालत बसली होती.

वैशाखातल्या एका पहाटे कळा सुरू झाल्या. ठकूबाई उजाडायला हजर झाली आणि तिने आईला तिच्याच घरात पाणी तापवायला बसवले. दुपार चढत गेली. पत्र्यावर ऊन तडतडत होते, खोलीत ओव्याचा धूर साचला होता, माझ्या जिभेवर लोखंडाची चव होती. दाराच्या फटीतून मला आईच्या लुगड्याची हिरवी पट्टी दिसे. ती बसे, उठे, पुन्हा बसे.

"डाव्या कुशीवर घे तिला," फटीतून आवाज आला.

"माझ्या हाताखाली हाये ती. तू पानी बघ."

"तिला डावीकडंच बरं वाटतं. लहानपनापासनं तशीच झोपती."

"भागे, तुला समदं ठाव हाये म्हनूनच तू भाईर."

पण तिने मला डाव्या कुशीवर वळवले. कळ आली की मी "आई" म्हणून ओरडे, आणि जो हात पुढे येई तो ठकूबाईचा असे. मी तो घट्ट धरी. एकदा असा तो हात धरलेला असताना माझी नजर फटीकडे गेली. आई उभी होती. तिची नजर माझ्या तोंडाकडे नव्हती, पोटाकडेही नव्हती. ती ठकूबाईच्या हाताकडे पाहत होती, माझ्या बोटांत अडकलेल्या त्या हाताकडे. ती नजर मी ओळखली. पदरातला परका वास घेणाऱ्या पोरीला ती चांगली ठाऊक होती. सगळे नीट होत होते, आणि माझ्या आईला ते बघवत नव्हते. त्या वेदनेतही माझ्या आत काहीतरी सुखाने उजळून निघाले, हे मी नाकारणार नाही.

मला वाटते तिला त्या दिवशी आत यायचे फार होते. तिने एकदाही उंबरा ओलांडला नाही. फट मात्र हळूहळू रुंद होत गेली.

आई जाऊन आता काही वर्षे झाली. तिचे अखेरचे आजारपण, अंथरुणावरचे दिवस मी पाहिले, पण तिची आठवण काढली की ते पुढे येत नाहीत. येते ती त्या दुपारची आई.

तीनच्या सुमारास मुलगी झाली. रडली. ठकूबाईने तिला पुसून माझ्या छातीवर ठेवले, वर फडके घातले आणि पदराने आपला घाम टिपला. कुणी बोलावले नव्हते, तरी आई आत आली. तिने नातीकडे पाहिले नाही. हात धुतलेला होता, उजव्या मनगटात बांगडी नव्हती, म्हणजे सकाळपासून ती तयारच होती. ती माझ्याजवळ खाली बसली आणि तिने तळवा माझ्या पोटावर ठेवला.

पायाळू पोरे, जुळी, नाळ गळ्याभोवती घेऊन आलेली, कुणाहीपुढे जो हात कधी अडला नाही असे पठारभर सांगत, तो माझ्या पोटावर नुसता टेकून राहिला होता. तो काही ऐकत नव्हता, काही विचारत नव्हता. दहाबारा वस्त्यांमधल्या एकाही बाईला हा हात माहीत नव्हता.

"भागे, हात काढ," ठकूबाई म्हणाली. "पोटातली वार पडायची हाये. माझं काम व्हायचंय अजून."

"जरा थांब, ठके," आई म्हणाली, आणि तिने हात तसाच ठेवला.